गाडी लागली की पोट बिघडलं? वाईच्या घाटावरचा एक तास

भाचीला पहिली उलटी झाली तेव्हा गाडी सरळ रस्त्यावर होती. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच. ज्यांच्यासमोर ती उलटी झाली त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि जिला वाटलं असतं ती मी मागच्या गाडीत होते.

गेली सतरा वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. उलट्या-जुलाबाची मुलं रोज बघते. पण वॉर्डात मूल येतं तेव्हा एक मोठा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. आईबापांनी कुठेतरी गाडी वळवलेली असते, लग्न अर्धवट सोडलेलं असतं, नाहीतर 'होईल बरं' म्हणून एक दिवस काढलेला असतो. तो आधीचा तास आम्हाला कधी दिसत नाही. जानेवारीतल्या एका रविवारी तो माझ्याच माणसांत दिसला, म्हणून जसा घडला तसा लिहून काढते आहे. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आहे. दादाने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

बेत

आईला पंच्याहत्तरावं लागलं होतं. तिचं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. लहानपणी जिच्यात डुंबलो ती नदी निघते कुठून, ते एकदा बघायचंय, असं ती बरीच वर्षं म्हणत होती. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. तिथे दगडी गोमुखातून पाणी पडतं. आईला ते पाणी ओंजळीत घ्यायचं होतं. गुडघे दुखतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' हे तिच्या बाबतीत कुणालाच मनापासून म्हणवत नव्हतं.

मुलांना स्ट्रॉबेरीच्या शेतात नेणार होतो. धाकट्या भावाची मुलगी सहा वर्षांची. तिने आदल्या रात्रीच देवघरातली फुलांची छोटी परडी मागून घेतली होती, स्ट्रॉबेरी तोडून ठेवायला.

आम्ही नऊ जण, दोन गाड्या. पुढे दादाची सात आसनी: दादा, वहिनी, आई, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि भाची. मुलांना आजीच्या शेजारीच बसायचं होतं. मागे आमची छोटी गाडी: माझा नवरा, मी, धाकटा भाऊ आणि भावजय. म्हणजे मूल एका गाडीत आणि त्याचे आईबाप दुसऱ्या गाडीत. निघताना यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

काय झालं

पहाटे साडेपाचला भाचीने दूध नको म्हटलं. भावजयीने 'वाटेत भूक लागेल' म्हणून अर्धा पेला प्यायला लावला. सव्वासहाला पुण्यातून निघालो, कात्रजचा बोगदा ओलांडला. शिरवळच्या अलीकडे पोहे खायला थांबलो तेव्हा तिने दोन घास खाल्ले आणि बशी सरकवली. तिथे ती लघवीला जाऊन आली, हे मला नंतर मुद्दाम विचारून घ्यावं लागलं. मी तिला विचारलं, 'काय गं, बरं वाटत नाहीये का?' तर मान हलवून म्हणाली, 'मला काही होत नाहीये.' मी पुढे काही विचारलं नाही. वॉर्डात एखादं मूल एवढं पटकन 'काही होत नाही' म्हणालं तर मी त्याच्या पोटाला हात लावून बघते.

शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकी घाट सुरू होईपर्यंतचा महामार्ग सरळ आहे. त्याच टप्प्यात, पावणेआठच्या पुढेमागे, तिला पहिली उलटी झाली. वहिनीने पिशवी धरली. आईने आपल्या सुती साडीच्या पदराने तिचं तोंड पुसलं. गाडी दोन मिनिटं कडेला घेतली आणि पुढे निघाली. भावाला फोन केला नाही, कारण 'उगाच त्यांना काळजी'. आम्ही तोवर बरेच मागे होतो.

दुसरी उलटी खंबाटकीच्या चढावर झाली आणि मग फोन आला: 'अगं, घाट लागला तिला. काही नाही, सुरूर फाट्याला थांबतो.' फोन भावजयीने घेतला होता. तिने तो बंद करून आम्हाला सांगितलं, 'तिला गाडी लागलीय.' या वाक्यात पहिली उलटी नव्हतीच. निरोप एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना सरळ रस्ता गळून पडला होता आणि घाट तेवढा उरला होता.

फाट्यावर मी पुढच्या गाडीत डोकावले. भाचीचा चेहरा उतरला होता, ओठ फिके. मांडीवर परडी होती आणि ती तिने दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली होती. उलटी येईल तर परडीत पडू नये म्हणून. माझ्या मुलाने लगेच सांगितलं, 'आई, ही दोनदा ओकली. मगाशी पण ओकली होती.' पहिल्या उलटीची बातमी मला नऊ वर्षांच्या मुलाकडून कळली.

तिथून वाई जवळच. पसरणीचा घाट चढायच्या आधी वाईत थांबायचं, असं मी म्हटलं आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. पावणेनऊच्या सुमारास ढोल्या गणपतीच्या घाटावर, कृष्णेकाठी, पायऱ्यांवर सावली बघून बसलो.

तो एक तास

आपल्याकडे 'गाडी लागते' म्हणतात ती गोष्ट साधी आहे. आतल्या कानाला वळणं, चढउतार, हिसके कळत असतात आणि डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ नाहीतर मोबाइल बघत असतात. दोघांचा निरोप जुळत नाही आणि मेंदू गोंधळतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे जास्त होतं. दोनच्या आतल्या मुलांना क्वचितच. त्याचा ठळक गुण असा, की गाडी थांबली, मोकळी हवा लागली की थोड्याच वेळात मूल निवळतं. आधी तोंडावर रंग येतो, मग बोलायला लागतं, मग काहीतरी खायला मागतं.

पोटाच्या दुखण्याला गाडी थांबल्याचं काही पडलेलं नसतं.

म्हणून मी घरच्यांना म्हटलं, एक तास इथून हलायचं नाही आणि तोवर पुढे जायचं की मागे, यावर बोलायचंही नाही. तासाभरात मी तीन गोष्टी बघणार होते. बसल्या जागी पुन्हा उलटी होते का. चमच्याने दिलेलं पाणी टिकतं का. आणि ती आपणहून काही बोलते, मागते का. ताप नव्हता, हात लावून तरी नव्हता, थर्मामीटर कुणीच घेतला नव्हता. जीभ ओलसर होती. पोट मऊ होतं. दाबल्यावर 'बेंबीपाशी' दुखतं म्हणाली, पण रडली नाही.

काही गोष्टी दिसल्या असत्या तर तासभर थांबायचा प्रश्नच नव्हता, आणि त्या प्रत्येक आईबापाला ठाऊक असाव्यात असं मला कळकळीने वाटतं. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, मूल आधी डोक्यावर पडलं असेल, पोट दगडासारखं कडक झालं असेल किंवा दुखणं थांबतच नसेल, डोकं प्रचंड दुखून मान वाकवता येत नसेल, मूल हाक मारल्यावर नीट जागं होत नसेल, तर सहल त्याच क्षणी संपली. तिथून थेट दवाखाना गाठायचा, आणि तोही जो सर्वांत जवळ असेल तो. पिवळसर पाणी किंवा फेस पडला तर तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं, रिकाम्या पोटाने तसं होतं. हिरव्या रंगाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात आतडं अडकल्याची शक्यता असते.

धाकटा भाऊ समोरच्या दुकानातून फळाच्या चवीचा एक डबा घेऊन आला. 'ताई, हेच ना ते ओआरएस?' ते ओआरएस, म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं द्रावण, नव्हतं, गोड पेय होतं. याच नावाने अशी पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला, आणि अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, अशा पेयांवर ओआरएस हे नाव छापायला मनाई केली. डब्यावरचं नाव गेलं तरी आपल्या मनातून ते जायला वेळ लागेल. जास्त साखरेचं पेय आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब असतील तर ते वाढतात, म्हणून हा फरक नुसता नावाचा नाही.

मी त्याला औषधाच्या दुकानात पाठवलं. खरी पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची असते: एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट, एकूण 20.5 ग्रॅम. ती पूर्ण पुडी पूर्ण लिटरभर पाण्यात घालायची असते. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळणारे आईबाप मी दर आठवड्याला बघते. 200 मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, प्रवासाला त्या सोयीच्या. पुडीच मिळाली नाही तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, यावर वेळ निभावते.

आणि ते पाजायचं कसं, तर चमच्याने. उलटीनंतर दहा मिनिटं काहीच द्यायचं नाही, मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. मूल तहानलेलं असतं, ते पेला हिसकावून घेतं आणि गटागट पितं, पोट ताणलं जाऊन सगळं बाहेर येतं, आणि मग आई म्हणते 'याला पाणीसुद्धा टिकत नाही हो'. पाच मिलिलिटरचा चमचा दर दोन मिनिटांनी दिला तर तासाला दीडशे मिलिलिटर पोटात जातं. हे काम कंटाळवाणं आहे, पण अनेक सलाइनच्या बाटल्या त्यानेच टळतात. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाइन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी नातेवाइकांच्या हातात देऊन माणसं वाचवली. वॉर्डात नवीन येणाऱ्या मुलींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

भावजय चमच्याने पाजत होती. भाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून नदीकडे बघत पडली होती. नऊ पंचवीसला, म्हणजे गाडी थांबून चाळीस मिनिटं झाल्यावर, हवा छान, सावली गार, समोर सगळं स्थिर असताना ती एकदम उठून बसली आणि तिसरी उलटी झाली. पाणी आणि पिवळसर फेस. मग ती रडायला लागली. 'मी परत नाही ओकणार, आत्या, आपण जाऊ या ना.'

मला जे समजून घ्यायचं होतं ते समजलं. ही गाडी लागलेली नव्हती.

वाद

इथून पुढचं कुणावर ठपका ठेवायला लिहीत नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं.

दादा म्हणाला, 'अगं, आता अर्ध्या तासाचा घाट. वर गेलो की हवेनेच बरं वाटेल तिला. हॉटेलच्या खोलीत झोपवू.' त्याने जेवणाचे तीन हजार आगाऊ भरले होते, पण तो पैशांसाठी बोलत नव्हता. हा दिवस जुळवायला त्याने तीन महिने घालवले होते, आणि आईकडे बघून बोलत होता. वहिनीचं म्हणणं, सगळेच इथे थांबू, दुपारी बरं वाटलं तर पुढे जाऊ. धाकटा भाऊ गप्प होता. पोरगी त्याची, पण सगळ्यांचा दिवस आपल्यामुळे मोडतोय हे ओझं त्याच्या तोंडावर दिसत होतं. आई म्हणाली, 'चला मागे. पोरीपेक्षा गोमुख मोठं नाही. मी काय, पुन्हा येईन.' पुन्हा येईन म्हणताना तिने नदीकडे पाहिलं, आणि दादा उठून चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला.

अशा वेळी घरात एक विचित्र गोष्ट होते. 'पुढे की मागे' हा प्रश्न मुलाच्या तब्येतीचा न राहता कोण किती प्रेम करतं याचा होऊन बसतो. पुढे म्हणणारा निर्दयी ठरतो, मागे म्हणणारा आईचा दिवस घालवणारा. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याचं खरं होतं. मुलाला काय होतंय ते कुणी बघत नाही.

मी दादाला एवढंच म्हटलं, 'पसरणीच्या घाटात मधेच तिला जुलाब लागला तर गाडी कुठे घेशील?' हंगामातल्या रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते. वळणावर थांबता येत नाही, मागे वळता येत नाही. वर पाचगणीला, महाबळेश्वरला डॉक्टर नाहीत असं नाही, पण जितकं वर जाऊ तितकं परत येणं लांबतं. वाईहून पुणं दोन तास. संध्याकाळी दुखणं वाढलं तर तेच अंतर अंधारात, उतारावर, परतणाऱ्या गर्दीत कापावं लागलं असतं. शिवाय पोट बिघडलेल्या मुलाला वळणावळणाच्या रस्त्याने नेलं तर पुढची उलटी गाडीची की पोटाची, हे मलाही ओळखता आलं नसतं. आमच्याकडे जी एक खूण होती ती आम्ही स्वतःहून पुसून टाकली असती.

यावर दादा म्हणाला, 'मग आईला मी नेतो. तुम्ही हिला घेऊन जा.' ही वाट मला सुचली नव्हती. नऊ जणांनी एकत्रच राहायचं, हे मीही धरूनच चालले होते.

गाड्या दोन होत्याच. भाऊ, भावजय, भाची आणि मी छोट्या गाडीने मागे. माझा नवरा आणि मुलगा मोठ्या गाडीत, आईबरोबर पुढे. आई तयार होईना. तेव्हा भावजयीने तिचा हात धरला आणि म्हणाली, 'आई, तुम्ही परत आलात तर हिला जन्मभर वाटेल, आजीचं माझ्यामुळे राहिलं. तुम्ही जा. ताई आहेत ना माझ्याबरोबर.' सहा वर्षांच्या मुलीला हे खरंच वाटलं असतं. तिने सकाळपासून दुखणं लपवलं होतं ते याच भीतीने, हे तिने त्या रात्री भावजयीला सांगितलं. पहाटेपासूनच 'पोटात कसंतरी' होत होतं, पण आदल्या रात्री कुणीतरी चेष्टेत म्हटलं होतं, 'आजारी पडेल त्याला घरी ठेवून जाऊ.'

चूक इथे झाली

निघायच्या आधी आई म्हणाली, दोन घास खाऊन जा. डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आईने सगळ्यांना आपल्या हाताने वाढलं. त्याच हातांनी, ज्यांनी पावणेआठला पदराने भाचीचं तोंड पुसलं होतं. पदर तसाच होता, कमरेला खोचलेला. वाढायच्या आधी सगळ्यांनी सॅनिटायझर चोळला. मीही चोळला.

मला हे माहीत होतं. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि पाणी लागतं, वीसेक सेकंद घासून. वॉर्डात माझ्या हातून ही चूक होत नाही. तिथे घाटावर डोक्यात गाड्या, औषध, आईचे डोळे, पुण्यापर्यंतचे दोन तास हेच होतं, आणि साबण कुणाच्याच पिशवीत नव्हता. दुकान पन्नास पावलांवर होतं. भाची आणि माझा मुलगा सकाळपासून एकाच बाटलीतून पाणी पीत होते, तेही मी विचारलं नाही.

पुढे जायचं की मागे, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. त्यातली दोन मिनिटं हात धुण्याला दिली असती तर पुढच्या आठवड्याचं दुखणं बहुधा टळलं असतं. सहल चालू ठेवण्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी आता हेच आधी सांगते: तुम्ही पुढे जा नाहीतर मागे, आजारी मुलाचं तोंड पुसणारे हात एका माणसाचे ठेवा, आणि त्या माणसाने कुणाला काही वाढू नये.

नंतर

वाईतच दोन-तीन फोन केल्यावर एक बालरोगतज्ज्ञ मिळाले. रविवार असून त्यांनी दवाखाना उघडला. तपासून विषाणूजन्य पोटाचा संसर्ग असावा म्हणाले, उलटी थांबायला ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस दिला आणि अर्धा तास समोर बसवून ओआरएस टिकतं का ते पाहिलं. टिकलं. गाडी लागल्यावर देतात ते औषध वेगळं. ॲव्होमिनसारख्या त्या गोळ्यांनी झोप येते, दोन वर्षांखालच्या मुलाला त्या देत नाहीत, आणि मोठ्यालाही प्रवासाच्या आधी, डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या. आम्ही घाईने तीच गोळी तिला दिली असती तर ती पेंगली असती, आणि ती पेंग औषधाची की अंगातलं पाणी कमी झाल्याची, हा नवा प्रश्न उभा राहिला असता.

अकराच्या सुमाराला वाई सोडली. मी मागे बसून चमचे मोजत होते. खेड शिवापूरच्या अलीकडे तिला पहिला जुलाब झाला, घरी पोचल्यावर संध्याकाळपर्यंत आणखी तीन, आणि अंगात शंभरच्या वर थोडा ताप. म्हणजे दादाच्या बेताने गेलो असतो तर हे सगळं महाबळेश्वरात, अनोळखी खोलीत झालं असतं. जीवावर बेतलं असतं असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या उशीवर, ओळखीच्या मोरीशी ती कमी घाबरली. रात्री तिने मऊ भात-ताक खाल्लं. सोमवारी संध्याकाळी जुलाब थांबले. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताचं औषध चौदा दिवस चालू ठेवलं. शाळेत गुरुवारी पाठवलं, कारण जुलाब-उलटी थांबल्यावर निदान 48 तास बाकीच्या मुलांत सोडू नये.

आईने त्याच दुपारी गोमुखाचं पाणी ओंजळीत घेतलं. माझ्या नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावला होता. आईने पाणी डोळ्यांना लावलं आणि फोनमध्ये बघून भाचीला विचारलं, 'शू केलीस का गं?' दर सहा तासांत एकदा तरी लघवी झाली पाहिजे, हे मी सकाळी सांगितलेलं तिने लक्षात ठेवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी माझ्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. सोमवारी मध्यरात्री आईला. रविवारी सकाळपासून मोजलं तर तो पस्तीस-चाळीस तासांनंतरचा काळ, नोरोव्हायरसला लागतो तेवढाच. तपासणी केली नाही, त्यामुळे विषाणूचं नाव मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण वाट तीच असावी. मुलगा दोन दिवसांत उठला. आईला मात्र एक दिवस दवाखान्यात ठेवून सलाइन लावावी लागली. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते चालू ठेवणं बरं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ती दोन दिवस थांबवली. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याला उलट्या-जुलाब झाले तर रोजच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारावंच. आपल्या मनाने चालू ठेवू नयेत, आपल्या मनाने बंदही करू नयेत.

तिला पुढे पाठवलं ते चुकलं का, असं दादाने मला दवाखान्याच्या बाकावर विचारलं. मला तसं वाटत नाही. संसर्ग व्हायचा तो वाई सोडायच्या आधीच, त्या पदराने आणि त्या हातांनी झाला असणार. ती आमच्याबरोबर मागे आली असती तरी सोमवारी आजारी पडलीच असती, फक्त गोमुख राहिलं असतं.

मार्चमध्ये

स्ट्रॉबेरीचा हंगाम संपायच्या आत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी सहाच जण. भाची तिच्या आईच्या शेजारी बसली. माझ्या पिशवीत साबणाची वडी, थर्मामीटर, ओआरएसच्या चार छोट्या पुड्या आणि तोंड पुसायला वेगळे पंचे होते. पसरणीच्या घाटात ती खिडकीतून वळणं मोजत होती. तिला काहीही झालं नाही. गाडी तिला लागतच नाही.

उलटी झाली ती माझ्या मुलाला. मागच्या सीटवर मान खाली घालून तो मोबाइल बघत होता, आणि घाटाच्या शेवटाकडे त्याने एकदम तोंडावर हात धरला. पाचगणीत शिरल्यावर गाडी थांबवली. भावजयीने सगळ्यांना दूर ठेवलं, मी एकटीने त्याला धरलं, पुसलं आणि साबणाने हात धुतले. धाकटा भाऊ घड्याळ बघत उभा राहिला. दहा मिनिटांत मुलाच्या गालांवर रंग आला. विसाव्या मिनिटाला तो समोरच्या गाड्याकडे बोट दाखवून मक्याचं कणीस मागत होता.

तरी आम्ही अर्धा तास थांबलो. मग त्याला पुढच्या सीटवर बसवलं, काच खाली केली, आणि वर गेलो.